आठ वर्षांच्या हंसाबाई

फुलसावंगीच्या हंसाबाई टेलर यांचं वय राजदीपनं एका दुपारी पन्नासेक वर्षांनी कमी केलं, आणि मग ते काही केल्या वाढवता येईना.

हेतू चांगला होता. राजदीपचे सगळेच हेतू चांगले असतात, भोगणारे फक्त दुसरे असतात. बस स्टँडच्या रस्त्यावर त्याचा कॉम्प्युटर क्लास आणि हंसाबाईंचं शिवणाचं दुकान शेजारी शेजारी आहे. कधीकाळी दोन्ही मिळून एकच गोदाम होतं. मालकानं मध्ये भिंत घातली, पण भिंतीत खिडकी का ठेवली हे त्यालाही सांगता येत नाही. त्या खिडकीतून इकडचा चहा तिकडे जातो, तिकडची सुपारी इकडे येते, आणि राजदीप मुलांना एक्सेल शिकवत असला की हंसाबाईंच्या मशीनची घरघर त्याच्या प्रत्येक वाक्याला साथ देते.

दुकानात बायका माप द्यायला येतात. कडेवरची पोरं भोकाड पसरतात. मग हंसाबाईंचा फोन पोरांच्या हाती जातो. अशाच एका पोरानं बोट फिरवता फिरवता फोनवर काहीतरी असं उघडलं, की बायकांचे पदर तोंडाला गेले आणि कोपऱ्यात ब्लाउजांना हूक लावत बसलेले खेमसिंग, म्हणजे हंसाबाईंचे यजमान, उठून बाहेर गेले आणि धुतलेली सायकल पुन्हा पुसू लागले. हंसाबाईंनी फोन खिडकीतून राजदीपकडे दिला. यातली घाण तेवढी काढून दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

राजदीपला हेच हवं होतं. नेट म्हणजे बाजार, चांगला मालही मिळतो आणि खिसाही कापला जातो, हे तो महिला बचत गटाला दोनदा समजावून आला होता. त्यावरचा उपाय त्याच्याकडे तयार होता. त्याचं नाव 'बालशोध'. हे शोधयंत्र खास मुलांसाठी केलेलं होतं, आणि मोठ्या माणसांनी चाळणीतून काढलेलं तेवढंच दाखवायचं. फोनवर ते एकदा बसलं की फोन करणं, फोटो काढणं आणि काढलेले फोटो पाहणं, एवढं सोडून बाकी सगळ्याला कुलूप. यंत्रानं विचारलं, मुलाचं वय काय? राजदीपनं समोरच्या पोराकडे पाहिलं आणि आठ दाबलं. यंत्रानं गुप्त आकडा मागितला. दुकानातल्या बायका पाहत होत्या. काम किती गंभीर आहे हे त्यांना कळावं म्हणून राजदीप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हाताचा आडोसा धरून त्यानं असा आकडा घातला की कोणाच्या बापाला ओळखता येऊ नये. तो कोणालाच ओळखता आला नाही. राजदीप धरून.

दुसऱ्या दिवशी घाटंजीला सासर असलेली एक मुलगी आली. तिला मटका गळा दाखवावा म्हणून हंसाबाईंनी नेहमीसारखं फोनला तोंड लावलं आणि म्हणाल्या, ब्लाउज, मागचा गळा. पडद्यावर गळ्यात निळा रुमाल बांधलेली एक खार आली. तिनं दोन्ही पंजे डोळ्यांवर ठेवले आणि गोड आवाजात सांगितलं, "हे आपल्यासाठी नाही हं. चल, काहीतरी छान शिकू या."

हंसाबाईंनी 'दोरी' म्हणून पाहिलं, तर दोरीवरच्या उड्यांचं गाणं लागलं. 'लटकन' म्हटल्यावर वटवाघूळ आलं. 'छाती' म्हटल्यावर खारीनं नुसते डोळे झाकले नाहीत, पाठही फिरवली.

मग राजदीपचे हाल सुरू झाले. त्यानं आपली जन्मतारीख घातली, बायकोची घातली, जुन्या मोटरसायकलचा नंबर घातला. दर चुकीनंतर खार जरा जास्त वेळ थांबायला लावी. शेवटी ती त्याला म्हणाली, एखाद्या मोठ्या माणसाला घेऊन ये. राजदीप एमसीए झालेला होता आणि त्याचे केसही पातळ व्हायला लागले होते. विसरलेला आकडा मेलवर मिळेल, अशी यंत्राची सोय होती. मेल हंसाबाईंच्या नावानं राजदीपनंच काढलेला. तो उघडत होता फक्त त्याच फोनमध्ये, आणि तिथे खार बसलेली. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घ्यावं, तसा प्रकार झाला.

तो फोन घेऊन दोघं महागावला गेले. दुरुस्तीवाल्या पोरानं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, पूर्ण कोरा करावा लागेल, खार जाईल पण आतलं सगळंच जाईल. हंसाबाईंनी काउंटरवरचा फोन उचलला, पदरात बांधला आणि त्या सरळ बस स्टँडकडे चालू लागल्या. बसमध्ये राजदीपनं दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, की बाबू, तिकीट तू काढ.

आत काय होतं, ते अख्ख्या फुलसावंगीला ठाऊक होतं. आत पाठी होत्या.

हंसाबाईंची ही जुनी रीत. ब्लाउज अंगावर नीट बसलं की त्या गिऱ्हाइकाला दुकानातल्या निळ्या भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि मागून फोटो काढत. चेहरा कधीच नाही. आपल्या घरची बाई दुसऱ्याच्या फोनात असलेली कोणाला खपणार? पाठीला मात्र कोणाची हरकत नव्हती. अशा कितीतरी वर्षांच्या पाठी त्या फोनात साठल्या होत्या. नवी बाई आली की हंसाबाई त्या दाखवत बसायच्या. ही कोकिळा, हिचा डावा खांदा उतरता, म्हणून दोरी उजवीकडून घेतली. ही उत्तमसिंगची सून, ही बसते तेव्हा पोक काढते, म्हणून गळा वर. कधी कधी नाव चुकायचंही, पण अशा ठामपणे चुकायचं की ज्या बाईची पाठ असेल तिलाच आपली शंका यावी. आवडलेली पाठ जिची असेल तिच्या घरी जाऊन विचारताही यायचं, की ब्लाउज खांद्यावरून घसरतं का, धुतल्यावर आटलं का. एवढी सोय मोठ्या नेटवर नाही.

स्वतः हंसाबाई मूळच्या तांड्यावरच्या. त्यांची आई, तांड्याच्या बोलीत याडी, काचळी म्हणजे बंजारा चोळी शिवायची, आरसे टाकून, कवड्या लावून. हंसाबाई सुई तिथे शिकल्या आणि मशीन लग्नानंतर. त्यांच्या ब्लाउजची खूण म्हणजे मागच्या दोरीचं लटकन. त्यात त्या एक बारीकसा आरसा बसवायच्या. लग्नाच्या मांडवात नवरी वाकली की तो आरसा चमकायचा आणि मागच्या ओळीतल्या बायका म्हणायच्या, हंसाबाईचं दिसते.

या पाठी वाचवायचा राजदीपनं एक प्रयत्न केला. तार जोडून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायलाही खारीचं कुलूप होतं, म्हणून आपल्या फोननं त्यांच्या फोनमधल्या फोटोंचे फोटो काढायचे. चार दुपारी तो दुकानात स्टुलावर बसला. सगळे फोटो निघाले, पण प्रत्येक पाठीवर राजदीपचा चष्मा उमटला होता. हंसाबाईंनी ते पाहिले आणि विचारलं, "सर, या बायका तुमच्याकडं पाहून राह्यल्या, का तुम्ही बायकांकडं?" त्यानं ते फोटो पुसून टाकले. त्याआधी त्याच्या बायकोनं ते पाहिले होते, ती वेगळी गोष्ट.

इतकं होऊनही बालशोधचं सगळंच वाईट होतं असं नाही. पोरं शांत बसू लागली. आणि हंसाबाई स्वतः, हाती काम नसलं की खारीशी बोलू लागल्या. सरडा रंग का बदलतो, चंद्र कमी-जास्त का होतो, असलं त्यांना लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लहानपणी त्या शेण वेचत होत्या. खार त्यांच्यावर चिडत नव्हती, घाई करत नव्हती, एकच गोष्ट पुन्हा विचारली तरी पुन्हा सांगत होती. मधे जाहिरात नाही, लॉटरी लागल्याचा निरोप नाही. एक दिवस खिडकीतून त्यांनी राजदीपला सांगितलं, की समुद्रात ऑक्टोपस म्हणून जनावर असते, त्याला तीन काळजं असतात आणि आठ हात. राजदीप हो म्हणाला. "मंग त्याच्या ब्लाउजले आठ बाह्या," हंसाबाई म्हणाल्या, "अन् शिलाई त एकाचीच देईन थो."

खरा घोटाळा यानंतर झाला, आणि तो राजदीपच्या आईनं केला.

प्रभावतीबाई वस्तीतल्या मानाच्या. विहारातलं पौर्णिमेचं वाचन असो की कोणाच्या घरचं लग्न, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पोरानं हंसाबाईंचा फोन बिघडवला, हे त्यांना आधी कळलं. मग खार डोळे झाकते, हे त्यांनी स्वतः पाहिलं, आणि त्यांना पोराचा अभिमान वाटू लागला. त्यांनी चार घरी सांगितलं, की हंसाबाईच्या फोनात आता वावगं काही दिसतच नाही, आपल्या राजदीपनं तशी सोयच केली.

गावातल्या सासवांना आणि आयांना एवढं पुरलं. लग्नसराई तोंडावर होती. एकेक सासू सुनेला घेऊन येऊ लागली. सून पिशवीतून आपला फोन काढू लागली की सासू म्हणायची, तो ठेव, इथं या फोनात जे दिसते तेच शिवू. मग सुनेला हंसाबाईंच्या फोनला विचारावं लागायचं. मोठा गळा म्हटलं की खार डोळे झाकायची. सासू फक्त सुनेकडे पाहायची. भांडण नाही, आवाज नाही, खारीनं निकाल दिला आणि विषय मिटला. जुन्या पाठींमध्ये एखादी खोल गळ्याची निघाली, तर ती खार येण्याआधीची म्हणून धरली जायची नाही. आठ वर्षांच्या लेकराला जे दाखवता येतं तेवढंच तिशीतल्या बाईनं घालावं, असा कायदा कोणी न करताच झाला.

हंसाबाईंचं काम वाढलं. कामाचा ढीग मशीनच्या वर गेला. आणि सगळं एकच. पाठ बंद, गळा मानेला लागून, दोरी नाही, लटकन नाही, आरसा नाही. हंसाबाई सकाळी मशीनवर बसायच्या आणि दुपारी त्याच ब्लाउजवर असायच्या, फक्त रंग बदललेला. मशीनची घरघरही राजदीपला वेगळी वाटू लागली. पूर्वी ती थांबायची, वळायची, पुन्हा सुरू व्हायची. आता गिरणीसारखी एकसुरी. रस्त्यात बायका त्याला थांबवून सांगायच्या, की सर, लय चांगलं काम केलं. तो हसायचा. चूक होती म्हणावं, तर आई कौतुक करत फिरत होती. बरोबर होतं म्हणावं, तर भिंतीपलीकडे ती घरघर. त्याला तिकडे जावंसं वाटेना आणि खिडकीला पडदा लावायचा धीर होईना. दोनतीनदा त्यानं विचारून पाहिलं, की मावशी, आता फोन कोरा करू या. त्यांनी तेवढ्यापुरतं मशीन थांबवलं, नाही म्हटलं, आणि पुन्हा सुरू केलं.

अशात त्याच्या बहिणीचं, पायलचं, लग्न ठरलं.

पायल यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स. लहानपणी शाळा सुटली की ती हंसाबाईंच्या दुकानात चिंध्या वेचायला यायची, आणि आपल्या लग्नातलं ब्लाउज कसं असेल हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. पांढरी साडी, पांढरं जरीचं ब्लाउज, मागे पानाच्या आकाराचा मोठा गळा, वर दोरी, आणि दोरीला हंसाबाईंचा आरसा. हे तिनं सगळ्यांना सांगितलेलं होतं. प्रभावतीबाईंनी ऐकून घेतलं आणि तिला दुकानात आणलं. तिथे फोन होताच. पायलनं विचारलं, खारीनं डोळे झाकले.

"दादा," पायल खिडकीतून भावाला म्हणाली, "आई मले लग्नाची म्हणते अन् तू मले आठ वर्षांची म्हणतो. बालविवाह लावून राह्यला का?"

राजदीपनं मुलांना फॉर्म्युला लिहून घ्यायला सांगितला, जो फळ्यावर नव्हता.

त्यानं घरी आईशी बोलून पाहिलं. प्रभावतीबाईंचं म्हणणं साधं होतं: आजवर गावातल्या एवढ्या पोरींनी ऐकलं, ते माझ्याच शब्दावर, आता माझीच पोर पाठ उघडी टाकून मांडवात उभी राहिली तर मी कोणाला तोंड दाखवू? राजदीपच्या लक्षात आलं, की त्या खारीनं आईलाही धरून ठेवलेलं आहे. पायलनं पुढे वाद घातला नाही. यवतमाळला जाऊन दुसऱ्याकडून शिवून घे, असं तिला तिच्या मैत्रिणी म्हणाल्या. तिला दुसऱ्याचं नको होतं.

लग्नाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी पायल ब्लाउज घालून पाहायला आली. प्रभावतीबाई तिला दुकानात सोडून बांगड्यांच्या दुकानाकडे गेल्या. राजदीपच्या क्लासला सुट्टी होती, तरी तो खिडकीशी काहीतरी पुसत उभा होता. पायल पडद्याआडून बाहेर आली. ब्लाउज असं बसलं होतं की कुठे सुरकुती नाही. मानेपासून कमरेपर्यंत पांढरी, गुळगुळीत, बंद पाठ. कोणी सांगायच्या आधीच ती निळ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हंसाबाईंनी फोन उचलला.

"मावशी, कायले काढता?" पायल न वळता म्हणाली. "हा फोटो हाय तुमच्याजवळ."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. दवाखान्यात एखाद्याला सुई आधीच दिलेली आहे म्हणून सांगावं, तसा होता.

हंसाबाई हसल्या. मग त्यांनी बोटानं सरकवून आधी काढलेला फोटो पाहिला. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. लाल बंद पाठ, हिरवी बंद पाठ, जांभळी बंद पाठ. त्या थांबल्या आणि फोन खेमसिंगांपुढे धरला. खेमसिंगांनी हूक बाजूला ठेवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग तो फोन खिडकीशी आला.

"सर, हे कोण व्हय?"

राजदीपला कसं ठाऊक असणार? तो म्हणाला, माहीत नाही.

"मलेही नाही मालूम," हंसाबाई म्हणाल्या. "शिवलं त मीच."

ठामपणे चुकायलाही काही नव्हतं. मग त्यांनी पायलला कपडे बदलून यायला सांगितलं. ब्लाउज हाती आल्यावर ते उलटं केलं, कात्रीचं टोक पाठीच्या शिवणीत घातलं आणि टाके तोडायला सुरुवात केली. टक, टक, टक. खेमसिंग उठून सायकल पुसायला निघाले. हंसाबाईंनी त्यांना बसवलं आणि आरशांची डबी काढायला लावली.

पायलच्या हातात त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू दिला. काय पाहिजे ते काढ म्हणाल्या, भिंतीवर. पायलनं निळ्या भिंतीवर एक पान काढलं, भीतभीत, जरा वाकडं. हंसाबाईंनी ते पाहिलं, तिच्या हातून खडू घेतला आणि पान दोन्ही बाजूंनी एकेक बोट रुंद केलं.

आता घाबरला तो राजदीप. आई अर्ध्या तासात येईल, तो म्हणाला. ती फोन मागेल. खार डोळे झाकेल. मग काय करायचं?

"माह्या याडीची काचळी तू पाह्यली नाही," हंसाबाई टाके तोडता तोडता म्हणाल्या. "अख्खी पाठ उघडी, नुसत्या दोऱ्या. तशीच भाकरी करे, तशीच वावरात जाय. तिले कोणी काही म्हटलं नाही. प्रभाबाईले मी सांगतो समजावून." आणि मग त्यांनी फोन खिडकीच्या फळीवरून त्याच्याकडे सरकवला. "पण खारीपुढं माह्यं चालत नाही. हे कोरं कर."

इतके दिवस राजदीप याच वाक्याची वाट पाहत होता. महागावच्या पोराकडून बटणं कशी दाबायची ते त्यानं नंतर शिकून घेतलं होतं. त्यानं ती दाबली. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि त्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं? राजदीपचं बोट तिथेच थांबलं. खारीच्या मागे कोकिळा होती, उत्तमसिंगची सून होती, खार येण्याआधीच्या सगळ्याजणी होत्या, आरसेवाल्या. हे सगळं त्याच्या एका दुपारच्या चांगल्या हेतूमुळे जाणार होतं. तो म्हणाला, आपण चष्मा काढून पुन्हा एकदा फोटोंचे फोटो घेऊ. तो म्हणाला, उद्या करू. पायल भिंतीपाशी खडूचा हात झटकत उभी होती आणि आलटून पालटून दोघांकडे पाहत होती. हंसाबाईंनी सुईत पांढरा दोरा ओवायला घेतला होता.

"मावशी, एकदा इचार करा," राजदीप म्हणाला. "एवढ्या सगळ्या पाठी जातीन."

हंसाबाईंनी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

"कुठं जातीन? गावातच हायेत."